वाचले व समजले

मी क्वालिटीत आहे. म्हणजे चाकणच्या एका कंपनीत, जिथं मोठमोठ्या प्रेसवर पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढतात, तिथं दुसऱ्यानं केलेल्या कामातली चूक शोधायची आणि त्यावर लाल खूण करायची, हा माझा धंदा. सोळा वर्षं झाली. या कामामुळं मला दोन खोडी लागल्या. एक म्हणजे, माझ्याखेरीज जगात सगळेच चुकतात असं मला मनापासून वाटतं. दुसरी म्हणजे, कुणी कागद पुढं केला की खिशातलं पेन आपोआप बाहेर येतं, सही करतं आणि परत खिशात जातं. दुसऱ्या खोडीनं मी चारचौघांत तोंडघशी पडलो, पण घरात आग लावली ती पहिलीनं.

आम्ही मोशीला राहतो. मूळचे लातूरकडचे, पण आता मोशीकर म्हणायला हरकत नाही, कारण मोशीत आता मूळचं फारसं काही उरलेलं नाही. जिथं परवापर्यंत कांदा होता तिथं ‘इंटरनॅशनल’ शाळा आहे, आणि जिथं अजून कांदा आहे तिथं ती लवकरच येत असल्याचा बोर्ड आहे. आम्ही मुलीला मराठी शाळेत घातलं. तेव्हापासून सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये माझ्याशी हळू आवाजात बोलतात, घरात कुणाला काही झाल्यासारखं.

मुलगी तिसरीत गेली आणि महिन्याभरात शाळेतून बोलावणं आलं. तिच्या वर्गशिक्षिका, बाई, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी मला पोरांच्या बुटक्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले की माणसाचा रुबाब आपोआप उतरतो, हे त्यांना अनुभवानं माहीत असावं.

“मुलगी हुशार आहे,” बाई म्हणाल्या. “पण वाचायला उभी केली की अडखळते. अडखळली की वर्ग हसतो. वर्ग हसला की ती पुस्तक मिटते. मला अडखळण्याची काळजी नाही, सवयीनं जातं ते. पण एकदा का पोरानं मनाशी ठरवलं ना, की वाचणं हे काही आपलं काम नव्हे, की मग ते पुस्तकाकडं परत येत नाही. तुमची मुलगी त्या काठावर उभी आहे. तेवढं होऊ देऊ नका.”

“काय करायचं सांगा,” मी पेन काढत म्हणालो.

“रोज पंधरा मिनिटं तिच्याबरोबर वाचा. आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग ती एकटी. शब्दाखाली बोट ठेवू दे. अडली तर थांबा, तिला शब्द फोडून वाचायला वेळ द्या. तोच उतारा दोन-तीनदा वाचला तरी चालेल. आणि शेवटी काय वाचलं ते तिला तिच्या शब्दांत सांगायला लावा.”

इतकं सविस्तर, इतकं सोपं. आणि यातलं मी काय ऐकलं? ‘पंधरा मिनिटं.’

दुसऱ्याच दिवशी मी कंपनीतून स्टॉपवॉच घरी आणलं. आमच्याकडं एक भाग तयार व्हायला किती सेकंद लागतात, म्हणजे त्याचा सायकल टाइम, ते त्यानं मोजतात. मग ऑपरेटरला सांगतात की बाबा रे, पंचवीस लागतात, बावीसमध्ये बसव. तो बसवतो. मग सांगतात, वीसमध्ये बसव. या पद्धतीनं देशाची एवढी प्रगती झाली, तर एका पोरीचं वाचन म्हणजे किस झाड की पत्ती! मी एक तक्ता छापून आणला आणि फ्रिजवर चिकटवला. रकाने असे: तारीख, धडा, मिनिटाला शब्द, चुका. आणि शेवटचा रकाना, माझ्या विशेष आवडीचा: ‘वाचले व समजले – सही’.

हा रकाना आमच्या कंपनीचा कुलाचार आहे. नवा नियम आला, नवं ड्रॉइंग आलं, कँटीनची वेळ बदलली, तरी एक कागद शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, फिरतो. वर मजकूर, खाली रकाना: वाचले व समजले. सगळ्यांनी सह्या करायच्या. सोळा वर्षांत मी सही केली नाही असा एकही कागद मला आठवत नाही. वाचलेला कागदही आठवत नाही.

तर पहिल्या शिफ्टवरून मी पाचच्या सुमाराला घरी यायचो, चहा घ्यायचो, आणि पोरीला समोर बसवून स्टॉपवॉचचं बटण दाबायचो. पहिल्या दिवशी मिनिटाला बावीस शब्द. मी ते तक्त्यात लाल पेननं लिहिलं. तिनं लाल आकड्याकडं बघितलं आणि खेळायला गेली.

मग माझं ते ब्रीदवाक्य सुरू झालं: “थांबू नकोस!” जोडाक्षर आलं की ती श्वास घ्यायची, आणि माझा आवाज तयारच असायचा. थांबू नकोस. पुढं चल. अगं, पुढं चल ना, थांबतेस काय! कधी प्रेमानं, कधी चढ्या आवाजात, आणि खोटं कशाला बोलू, दोन-तीनदा टेबलावर हात आपटूनसुद्धा. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, “अहो, ती पोरगी आहे, प्रेस नाही.” मी म्हणायचो, तुला यातलं कळत नाही.

बायको मोशीतल्याच एका मेडिकल दुकानात काउंटरवर असते. डॉक्टरांचं अक्षर वाचणं हे तिचं रोजचं काम. ज्या बाईला डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं, तिला वाचनातलं काही कळत नाही, हे मी तिला तोंडावर सांगत होतो. माझी हिंमत तेव्हा फारच दांडगी होती म्हणायची.

आणि आकडे चढायला लागले ना! बावीसचे तीस झाले, तिसाचे पंचेचाळीस. दिवाळीच्या आधी साठ. थंडीत एका संध्याकाळी पोरीनं गावातल्या विहिरीचा धडा असा काही वाचला की मिनिटाला नव्वद शब्द, चूक शून्य. न थांबता, न अडखळता, स्वल्पविरामालासुद्धा भीक न घालता. मी तिला उचलून गोल फिरवलं. व्हिडिओ केला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘मराठी शाळा!’ इंटरनॅशनलवाल्यांनी अंगठे पाठवले. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांत मोडतो, आणि म्हणूनच तो आठवला की अजून कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी तो व्हिडिओ मामांना दाखवला. मामा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने ऑपरेटर. इथल्याच निघोजे गावचे. कंपनी उभी आहे तिथल्या काही जमिनीवर पूर्वी त्यांची मेथी होती, असं ते कुरकुर न करता सांगतात. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे. ती प्रेसनं घेतली, फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कंपनीत. त्याबद्दल मात्र ते काही सांगत नाहीत. मामांनी चष्मा लावून व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला.

“लई जोरात हाय,” ते म्हणाले. “पर साहेब, पोरगी वाचती का पळती?”

मी हसलो. अडाण्याला काय कळणार, असं मनात म्हणालो. मनातच म्हणालो म्हणून आज त्यांच्यासमोर उभं राहता येतं.

शेजारच्या टेबलावर एचआरच्या मॅडम होत्या. त्यांनीही व्हिडिओ बघितला आणि म्हणाल्या, “सर, पुढच्या महिन्यात फॅमिली डे आहे. या वेळी सुरक्षेची शपथ तुमच्या मुलीकडूनच घेऊ या ना!”

फॅमिली डे म्हणजे वर्षातून एकदा घरच्यांना कंपनी दाखवायची. बायकामुलं पिवळी टोपी घालून प्रेस बघतात, ‘अगं बाई, केवढा हा आवाज’ म्हणतात आणि मग मांडवात बसून सामोसा खातात. कार्यक्रमाची सुरुवात सुरक्षेच्या शपथेनं होते. ही शपथ आम्ही रोज शिफ्ट सुरू होताना घेतो, उजवा हात पुढं धरून, शपथ लिहिलेल्या फळ्यासमोर उभं राहून. एकानं म्हणायची, बाकीच्यांनी मागून. पहिल्या शिफ्टला म्हणणारा मी, कारण माझा आवाज मोठा आहे. मी मॅडमना तिथल्या तिथं होकार देऊन टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फॅमिली डेला आठ-दहा दिवस होते. रविवार होता. पोरगी धडा वाचत होती, मी स्टॉपवॉच धरून बसलो होतो, आणि बायको कपड्यांच्या घड्या घालत आमच्या मागून चालली होती. ती एकदम थांबली.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही कुठं बघताय?”

“घड्याळाकडं. बोलू नकोस मध्ये, नव्वदच्या वर जाणार आज.”

“आणि पुस्तकाकडं कोण बघतंय?”

मी पुस्तकाकडं बघितलं. उघडं होतं ते स्वाध्यायाचं पान. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा. आणि पोरगी त्या पानाकडं बघून विहिरीचा धडा घडाघडा म्हणत होती. सगळे धडे तिला तोंडपाठ होते. इतके महिने मी पोपटपंचीला मार्क देत होतो. सोळा वर्षं क्वालिटीत, आणि समोर कुठला भाग ठेवलाय हेच न बघता मी माप घेत होतो.

माझा पारा चढला. आधी स्वतःवर चढायला हवा होता, पण पारा नेहमी सोपी वाट धरतो. “फसवलंस मला!” मी ओरडलो. “खोटं वाचत होतीस!”

ती घाबरली, पण रडली नाही. खाली बघून म्हणाली, “तुम्ही म्हणता थांबू नकोस. खरं वाचलं की थांबावं लागतं. म्हणून मग पाठ केलं.”

यावर उत्तर दिलं ते बायकोनं. ती म्हणाली, “दुकानात मला एखादं औषधाचं नाव लागलं नाही, की मी थांबते. डॉक्टरांना फोन करते. रांगेतली माणसं कटकट करतात, करू देत. मी न थांबता अंदाजानं वाचायला लागले ना, तर कुणाच्या तरी घरातून मढं निघेल. कळलं?”

कळलं की. ‘वाचले व समजले.’ आणि तरी मी काय केलं असेल? शपथ चार ओळींची होती. माझ्या तर ओठांवर. मी ती एका कागदावर लिहून काढली आणि पोरीला म्हणालो, “हे बघ, एवढं पाठ कर. फॅमिली डे होऊ दे, मग आपण वाचनाचं बघू.” चारशे माणसांसमोर नाक कापलं जाऊ नये, एवढीच चिंता होती मला. पोरीचं नव्हे हं, माझं. ती बिचारी मान डोलावून पाठ करायला बसली. त्या दिवसांत शाळेचं पुस्तक तिनं आपणहून एकदाही उघडलं नाही. बाईंनी सांगितलेल्या त्या काठावर ती उभी होती आणि मी मागून ढकलत होतो.

बायकोनं माझ्याशी वाद घातला नाही. शाळा सुटली की ती पोरीला दुकानात घेऊन जायला लागली. काउंटरच्या मागं स्टुलावर बसवायची आणि काढ्याच्या, चूर्णाच्या, मलमाच्या डब्यांवरचं मराठी वाचायला लावायची. शब्दाखाली बोट ठेवून. ‘जेवणानंतर दोन चमचे.’ ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे.’ ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.’ हे वाचून पोरगी म्हणाली म्हणे, “मम्मी, मग माझ्या हातात का दिलंस?” आणि दोघी हसत सुटल्या. बायकोनं हे मला रात्री जेवताना सांगितलं. मी म्हणालो, मलमाचे डबे वाचून कुणी पुढं गेलंय का? स्वतःच्या बोलण्याचा मला राग येत होता, तरी बोलत होतो. काही माणसांची ही रीतच असते.

फॅमिली डे आला. मांडव, तोरणं, पिवळ्या टोप्या. प्लँट हेड साहेब सहकुटुंब पुढच्या सोफ्यावर. फोटो चांगला यावा म्हणून मॅडमनी शॉपमधला शपथेचा फळाच उचलून स्टेजवर आणला होता. माईक खाली करून पोरीच्या तोंडाशी लावला. तिनं दिवाळीचा फ्रॉक घातला होता. मी पहिल्या रांगेत, मोबाइल उभा धरून, व्हिडिओ चालू.

“उजवा हात पुढे,” ती म्हणाली. चारशे हात पुढं झाले.

“मी अशी शपथ घेतो की,” ती म्हणाली. चारशे आवाज मागून आले. छान. खणखणीत. मी बायकोकडं बघून भुवया उडवल्या.

आणि पोरगी थांबली.

तिची नजर फळ्यावर गेली होती. मी ओठांची हालचाल करून पुढची ओळ दाखवायला लागलो, ‘स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या...’ ती माझ्याकडं बघतच नव्हती. मी दबक्या आवाजात म्हणालो, “थांबू नकोस!” तोवर मागच्या रांगांत शपथ आपोआप पुढं निघाली होती. आमची माणसं एवढी तयारीची, की सांगणारा गप्प असला तरी अडत नाही: “स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी सर्व नियमांचे काटेकोर पालन...” मग कुणाच्या तरी लक्षात आलं की स्टेजवरून काहीच आलेलं नाही, आणि तो घोळका पालनापाशी विरून गेला.

पोरगी माईकमध्ये म्हणाली, “असं नाहीये इथं.”

मांडव हसला. वर्ग हसतो तसाच. त्यानंतर ती काय करते ते बाईंनी मला सांगितलेलं होतं. पुस्तक मिटते. मी उठून स्टेजकडं निघालो होतो, तिला उचलून खाली आणायला. बायकोनं माझा शर्ट मागून धरला. “बसा,” ती म्हणाली. “तिला वाचू द्या.”

पोरीनं माईक स्टँडवरून काढला, फळ्याजवळ गेली आणि टाचा उंचावून पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

“काम... करताना...” ती म्हणाली. थांबली. “मला... धो... धोका... वाटला... तर... मी काम... थांब... थांबवीन.”

कुणी मागून म्हणेना. ही ओळ कुणाला पाठच नव्हती. सगळे माना वर करून फळ्याकडं बघायला लागले. मीही बघितलं. फळा नवा होता. चार महिन्यांपूर्वी बदलला होता, आणि त्याच्यासमोर रोज सकाळी हात पुढं करून आम्ही जुनीच शपथ घेत होतो, माझ्या मोठ्या आवाजात.

“थांब... ल्या...” हे जोडाक्षर तिला नेहमी अडवायचं. मांडवात चारशे माणसं आणि पंख्यांचा आवाज. तिनं श्वास घेतला, बोट मागं नेलं आणि पुन्हा सुरू केलं. “थांबल्या... बद्दल... मला... कोणी... रागा... रागावणार... नाही.”

मग ती वळली. माईक हातातच होता.

“पप्पा,” तिनं विचारलं, “हे खरंय?”

पुन्हा मांडव हसला, या वेळी कौतुकानं. साहेब सोफ्यावरून म्हणाले, “खरंय बेटा, अगदी खरंय!” साहेबांनीही ती ओळ त्याच क्षणी पहिल्यांदा वाचली असावी, पण साहेब असल्यामुळं त्यांना ती आधीपासून माहीत होती. पोरगी मात्र साहेबांकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. अख्ख्या मांडवात फक्त आम्हा तिघांना माहीत होतं की हा प्रश्न प्रेसबद्दल नाही. मला मान हलवायची होती, पण लाजेनं मान वर होईना. हातातला मोबाइल तेवढा व्हिडिओ घेत राहिला, माझ्या बुटांचा.

तिनं शेवटची ओळही वाचली: ‘दुसऱ्या कोणी काम थांबवले, तर मी त्याला आधी कारण विचारीन.’ चार ओळींना चांगली दोन-अडीच मिनिटं लागली. मिनिटाला शब्द किती झाले असतील, तो हिशेब सोडून द्या.

टाळ्या वगैरे झाल्या. सामोसे वाटले गेले. मामा आपल्या नातवाला घेऊन आमच्याकडं आले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाले, “ह्ये लिवलंय व्हय तिथं? कवापासनं?”

“चार महिने झाले,” मी म्हणालो.

“आन रोज सकाळी तुमीच वाचत हुता की.”

“मी वाचत नव्हतो, मामा. मी म्हणत होतो.”

मामांनी ती अर्धी करंगळी दुसऱ्या हातानं उगाच चोळली. “चांगलं लिवलंय,” ते म्हणाले. “आमच्या टायमाला न्हाई लिवलं कुनी.” आणि नातवाला घेऊन सामोशाच्या रांगेत गेले. त्यांनी मला शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी मॅडमनी फाइल काढली. त्यांना जाणून घ्यायचं होतं की नवी शपथ लोकांपर्यंत पोचली कशी नाही. कागद सापडला: ‘सुरक्षा शपथेचा सुधारित मजकूर’. खाली तिन्ही शिफ्टच्या सह्या. मजकूर चोख आहे ना, हे तपासून पहिली सही क्वालिटीची लागते. ती माझीच होती, ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेली. वाचले व समजले. मॅडमनी कागद माझ्यापुढं सरकवला. मीच म्हणालो, “त्या कागदावर लाल खूण करा.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्याखाली उभं राहून बोट ठेवून शपथ वाचली, एकेक शब्द. मागं चुळबुळ झाली, एकजण म्हणाला, “राव, आवरा, शिफ्ट सुरू व्हायचीय.” मी आवरलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा फ्रिजवर तक्ता नव्हता. बायकोनं काढला का पोरीनं, मी विचारलं नाही. मी पोरीला म्हणालो, “आज मी वाचतो, तू ऐक. मग दोघं वाचू.” बाईंनी जुलैमध्ये सांगितलेलं मी फेब्रुवारीत ऐकलं, असा माझा सायकल टाइम. शाळेच्या वाचनालयातून तिनं एका अस्वलाची गोष्ट आणली होती. आपणहून आणली होती, हे मी मुद्दाम लिहितो. मी एक पान वाचलं. मग आम्ही दोघांनी मिळून वाचलं, ती मागं पडली की मी हळू होत होतो. मग ती एकटी वाचायला लागली.

तिसऱ्या ओळीत एक मोठा शब्द आला. ती थांबली. माझा अंगठा रिकाम्या मुठीवर आपसूक दाबला गेला, आणि जिभेवर ते दोन शब्द आलेच होते. मी दात आवळून बसलो. तिनं शब्दाखाली बोट ठेवलं, मग बोट काढलं आणि पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं.

“पप्पा, धोका वाटतोय,” ती म्हणाली.

“बरं,” मी म्हणालो. “थांब मग.”

ती उठली, पाणी प्यायली, गॅलरीतून खाली डोकावून आली. मी बसून राहिलो. मग येऊन तिनं पुस्तक सरळ केलं, बोट ठेवलं, तो शब्द तीन तुकड्यांत फोडला, जोडला आणि बिनचूक म्हटला. आणि पुढं जायच्या ऐवजी माझ्याकडं बघत राहिली.

“आता काय?” मी म्हणालो.

“तुम्ही विचारलंच नाही. फळ्यावर लिहिलंय ना, कोणी थांबलं तर आधी कारण विचारायचं.”

“हो की, चुकलं माझं,” मी म्हणालो. “का थांबली होतीस गं?”

“शब्द मला येत होता,” ती म्हणाली. “तुम्ही रागावता का, ते बघत होते.”